मूळ धरलं का?

ती रोपवाटिकेत शिरली तेव्हा तिच्या हातातल्या कुंडीत एक सक्युलंट शेवटच्या घटका मोजत होतं. गुलाबासारखी एकात एक रचलेली जाडजूड पानं वरून ठणठणीत. बुडखा मात्र काळा, पिचपिचीत.

"रोज पाणी घालत होते..." ती म्हणाली. "आईचं आहे. ती महिनाभर मावशीकडे गेलीय. आल्यावर तिला काय तोंड दाखवू?"

रोपवाल्यानं कपाळाला हात लावला. "रोज? लाडानं मारलंत की बिचाऱ्याला."

तिचे डोळे भरले, तसा तो वरमला. आणखी काही बोलण्यापेक्षा त्यानं कात्री घेतली आणि रोपाचं मुंडकंच उडवलं.

"अहो, हे काय—"

"सडलेलं गेलं, वरचं वाचलं. चार दिवस कापलेली बाजू सुकवायची, मग कोरड्या मातीवर नुसतं टेकवायचं. खालून नवी मुळं फुटतात. फक्त उचलून बघायचं नाही."

"मी बघणारच."

"मग इथंच राहू दे. तुम्ही येत जा."

ती येत गेली. दातांची डॉक्टर होती. दवाखाना मिटला की थेट इकडे. हिरव्या जाळीखाली ओल्या मातीचा वास, तिचं भरभरून बोलणं... लोकांचे दात बघणारी ही बाई हसताना स्वतःचे मात्र हातानं झाकायची. रोपवाला त्यावरच भाळला.

पंधराव्या दिवशी त्यानं हळूच बोट लावलं. रोप जागचं हललं नाही. आता सांगितलं की ही कुंडी घेऊन जाणार, आणि मग कशाला येते?

"अजून नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. ती नुसती मान हलवायची. त्याला मात्र जेवण गोड लागेना.

आई येण्याच्या आदल्या दिवशी त्याला राहवलं नाही. "मुळं केव्हाच धरलीत. मी खोटं बोललो. तुमचा जीव टांगणीला, आणि मी... कुंडी गेली की तुम्ही येणार नाही, म्हणून."

आता ही तडक निघून जाणार, अशी त्याची खात्रीच होती. ती कुंडीवरची माती बोटानं पुसत राहिली.

"दिवसभर मी काय करते? दात हलतो का बघते. तुम्ही पाइप गुंडाळत होतात ना मंगळवारी, तेव्हाच हलवून पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

रोपवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तो हसला, तीही हसली. हात वर न नेता.

"आई विचारेल, संध्याकाळी घरी फोन केला की तू का नसायचीस."

"उद्या कुंडी घेऊन मीच येतो. खरं काय ते सांगतो."

तिचे गाल लाल झाले होते.

"मग इस्त्रीचा शर्ट घाला," ती म्हणाली. "आई माणूस आधी कॉलरवरून पारखते."