खिळ्यावरचा नान

प्रवासाला निघालेल्या माणसाने घरच्या नानचा एक घास तोडावा आणि उरलेला नान घरच्यांनी भिंतीवर टांगावा. तो अर्धवट नान त्या माणसाला जगाच्या पाठीवरून कुठूनही परत ओढून आणतो. आमच्या याक्कातुत गावात ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी पक्की मानतात. गेल्या दहा वर्षांत आमच्या गल्लीतून रशियाला कामाला गेलेले सव्वीस जण असे परत आले. प्रत्येकाला मी विचारलं, नानची ओढ लागली का? सगळे म्हणाले, परवाना संपला.

सत्ताविसावा माझा भाऊ एर्गाश. त्याचा नान खिडकीशेजारच्या खिळ्यावर तीन वर्षं टांगलेला होता. दगडासारखा कडक, आणि कडेला त्याच्या दातांची चंद्रकोर. आई दर शुक्रवारी फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसायची.

मार्चमध्ये रशियातल्या सारातोवहून मला फोन आला. सातव्या मजल्याची परांची कोसळली, तिथेच दफन केलं, कागदपत्रं पाठवतो. मी अंगणात उभी होते. आत आले तेव्हा आईने कणीक मळता मळता विचारलं, "कोण गं?"

"राँग नंबर," मी म्हणाले.

एकदा राँग नंबर म्हटलं की ते निभवावं लागतं. मी सात महिने निभवलं.

ऑक्टोबरात, कापसाची वेचणी संपत आली असताना, तो बाजारात आला. सोमवार होता. मी करशी शहरातल्या महाविद्यालयात इतिहास शिकले आहे, पण इतिहासापेक्षा नान जास्त खपतो, म्हणून मंगळवारची बाजाराची सुट्टी सोडून रोज नान विकते. आमच्याकडे नान जुन्या बाबागाडीत घालून विकायला आणतात. पांघरुणाखाली गरम राहतो, ढकलायलाही सोपं. छत्तीस वर्षांची बिनलग्नाची बाई बाबागाडी ढकलत येते, याचं गावाला पहिली दोन वर्षं हसू यायचं. मग गावाला सवय झाली. मला अजून व्हायचीय.

त्या दिवशी अकरा बायका होत्या, अकरा बाबागाड्या आणि वरून भुरभुर पाऊस. तो प्रत्येक गाडीवर वाकून बघत होता… बघायचा, पुढे सरकायचा. माझ्या गाडीपाशी आला आणि थांबला. आधी गाडीत बघितलं, मग वर, माझ्याकडे. नजर तिथेच राहिली. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता, आणि तो पडेपर्यंत मीही का कोण जाणे वाट पाहिली.

"ओपा… हा नान—"

"ताजा आहे."

"ते नाही. सुंदर आहे."

"नान?"

"आधी नानच म्हणणार होतो," तो म्हणाला.

शेजारच्या गाडीवरून होसियत मावशी ओरडली, "घे रे बाबा लवकर! ओला होतोय. नानही आणि तीही."

मी नान कागदात गुंडाळला. "ओपा म्हणू नका. ताई म्हटलं की आणखी चार वर्षं वाढतात. आधीच छत्तीस आहेत."

"मला चौतीस."

"मग म्हणा."

त्याचं नाव तुरोब. मूळचा नमंगानकडचा. म्हणाला, पर्यटक आहे.

"काय बघायला आलात?"

"गाव."

"बघितलंत. तीन वाजता बस परत जाते."

पण त्याला राहायचं होतं. चार वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या एका साहेबाने आमच्या दारावर 'अतिथीगृह' अशी पाटी ठोकली होती. तेव्हापासून एकच अतिथी आला होता, पाटी जागेवर आहे का बघायला आलेला तोच साहेब. त्यामुळे तुरोब आमच्याकडेच आला.

याक्कातुतमध्ये बघण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. कापसाचा बंद कारखाना, चार वीसला थांबलेलं घड्याळ आणि एका पिराची कबर. पीर कोणता याबद्दल दोन मतं आहेत. त्याने हे सगळं जेवायच्या आत बघून संपवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखाना बघायला गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. गावाने ठरवलं की हा कर खात्याचा माणूस आहे, आणि दुकानदार न मागता पावत्या द्यायला लागले.

घरी मात्र तो वेगळाच असायचा. पाणी आणायचा, तंदुराला काटक्या घालायचा. मी तंदुरात हात खांद्यापर्यंत घालून नान चिकटवत असताना दारात उभा राहायचा.

"भाजत नाही?"

"भाजतं."

"मग?"

"मग काय? नानलाही भाजतं. तो कुठे काय बोलतो?"

त्याने माझं मनगट धरलं, वळवून बघितलं आणि लाल झालेल्या जागेवर हळूच फुंकर घातली. पंधरा वर्षं मी तंदुरात हात घालते आहे. भाजल्यासारखं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

एक गोष्ट खटकायची. जेवताना आई त्याला खिडकीसमोरच्या मानाच्या जागी बसवायची, आणि तो काहीतरी निमित्त काढून खिडकीकडे पाठ करून बसायचा. आमच्याकडे चहाचा पियाला काठोकाठ भरून दिला की पाहुण्याने समजून उठायचं असतं. आई त्याला दर वेळी दोनच घोट ओतायची. ओतता ओतता एकदा तिने विचारलं, "बाळा, तू रशियात होतास का रे कधी?"

"नाही," तो म्हणाला. त्याचे कान तंदुरासारखे लाल झाले.

शुक्रवारी सकाळी मी नानवर ठसा उठवत होते. आमच्याकडे प्रत्येक घराचा ठसा निराळा, लाकडी मुठीत खिळे ठोकून केलेला. आमचं फूल नऊ पाकळ्यांचं, पण एक खिळा पडल्यामुळे आठच उठतात. तुरोब कणकेचे गोळे पुढे सरकवत होता, आणि हसत हसत बोलून गेला, "त्या खिळ्याचा त्याने गळ केला होता ना? मासा मिळाला नाही, मार मात्र मिळाला."

मी ठसा खाली ठेवला. ही गोष्ट तीन माणसांना माहीत होती. मला, आईला आणि एर्गाशला.

त्याचं हसू तोंडावरच राहिलं… कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"सारातोव?" मी विचारलं.

"एकाच खोलीत होतो आम्ही. घरून आणलेले वाळके नान तो चहात बुडवून खायचा. मलाही द्यायचा. आठ पाकळ्या."

"म्हणजे बाजारात तुम्ही वाकून वाकून—"

"ठसा शोधत होतो."

सांगायला लाज वाटते, पण भावाच्या आधी मला याचंच वाईट वाटलं. अकरा बायकांमधून तो माझ्यापाशी थांबला होता, हे मी चार दिवस मनात जपून ठेवलं होतं. तो नान बघत होता.

"आणि ते सुंदर वगैरे?"

"ते नंतर. वर बघितल्यावर."

"किती नंतर?"

"लगेच नंतर." त्याने हात पिठात तसेच ठेवले होते. "मुहय्यो, मी सांगायला आलो होतो. सांगायचं आणि तीनची बस पकडायची. वाटेत शंभर वेळा म्हणून पाहिलं होतं. मग तू पावसात उभी होतीस आणि… मला ते वाक्यच सापडेना. तुझा भाऊ—"

"मला मार्चमध्येच कळलंय."

"आणि आई?"

"तिला माहीत नाही. माहीत व्हायलाही नको. तो नान उतरवला तर ती जगायची नाही."

"मी चार दिवस तो कारखाना बघितला!"

"मी सात महिने हसतेय."

"झालं का दोघांचं?" आई दारात उभी होती. हातात शुक्रवारचं फडकं. आवाज नेहमीचाच, कणीक सैल झाली आहे असं सांगावं तसा. "राँग नंबरशी कोणी अकरा मिनिटं बोलत नाही, मुहय्यो. मी काही बहिरी नाही."

"मग तू… बोलली का नाहीस?"

"घरात दुखवटा पाळायला लागलो की वर्षभर लग्न नाही. तू छत्तीसची सदतीस झाली असतीस. म्हटलं, आधी कुणीतरी मागणी घालू दे, मग रडू."

"कुणी घातली नाही."

"नाही ना. सात महिने फुकट गेले."

तिने नान खिळ्यावरून उतरवला. तो हाताने तुटेना, तेव्हा खलबत्त्यात घालून ठेचला. तीन पियाल्यांत चहा ओतला आणि तुकडे भिजत घातले. परत येऊन एर्गाशने खायचा तो नान आम्ही तिघांनी खाल्ला. दर शुक्रवारी पुसूनही धुळीची चव होती. दातांची चंद्रकोर असलेला तुकडा आईने स्वतःकडे घेतला. मग अंगणात जाऊन तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि सात महिन्यांचं एकदम ओरडून घेतलं.

गल्ली जमली. आमच्याकडे दुखवट्याला घरच्या पुरुषाने कमरेला फडकं बांधून फाटकात उभं राहावं लागतं, येणाऱ्याजाणाऱ्याचं सांत्वन घ्यायला. आमच्या घरात पुरुष उरला नव्हता. तुरोबने न विचारता एर्गाशची टोपी घातली, त्याचं फडकं कमरेला बांधलं आणि तीन दिवस फाटकात उभा राहिला. होसियत मावशी डोळे पुसत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कर खात्यातला असूनही माणूस बरा दिसतो."

रविवारी संध्याकाळी तो फाटकातूनच म्हणाला, "बुधवारी कामावर हजर व्हायचंय. तिथेच… सारातोवला. नाहीतर परवाना जाईल." मग फडक्याच्या गाठीशी चाळा करत, "वर्षाने येतो. दुखवटा संपला की."

"नुसतं येऊन चालत नाही. मागणी घालायला वडीलधारं माणूस लागतं."

"एक आत्या आहे. भांडकुदळ आहे."

"चालेल. आमच्याकडेही आई आहे."

तो हसला. तीन दिवसांनी पहिल्यांदा. फाटकाच्या गजावर माझा हात होता, त्याने आपली करंगळी तिथे आणून टेकवली. एवढंच. दुखवट्याच्या घरात तेवढंही पुष्कळ होतं.

सोमवारी आईने ताजा नान त्याच्यापुढे धरला. "चाव. मोठा घास घेऊ नकोस, उरायला हवा."

"आई, दुसरा खिळा ठोकू का?" मी विचारलं.

"खिळा एकच पुरे," ती म्हणाली.

त्याने घास घेतला, माझ्याकडे बघत. आईने नान टांगला. तीनची बस गेली. मी खिडकीपाशी बसून त्या नानकडे बघत राहिले, आणि इतिहासाची पदवी असूनही माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

आणि दिवस मावळायच्या आत फाटक वाजलं! तो दारात, गुडघ्यापर्यंत चिखल. माझं काळीज… ते जाऊ दे.

"नानने ओढून आणलं?" मी विचारलं.

"बसचा ॲक्सल तुटला. चौदा किलोमीटर चालत आलो."

आईने मात्र नान खिळ्यावरून काढून त्याच्यापुढे ठेवला. परत आलेल्याने आपला नान संपवायचाच असतो, टाकायचा नसतो. मी म्हटलं, हा खरा प्रवास नव्हता. ती म्हणाली, गेला आणि आला, म्हणजे प्रवासच. त्याने खरबुजाबरोबर तो सगळा संपवला, बोटाने चुरासुद्धा टिपला. आम्ही हसलो, तिघंही. त्या घरात त्या आठवड्यात.

सकाळी सातला करशीला जाणारा कापसाचा ट्रक फाटकाशी दहा मिनिटं थांबला, आणि तो नव्या नानचा घास न घेताच त्यात चढून गेला.

याला नऊ महिने झाले. दर रविवारी फोन येतो. मी उचलून म्हणते, "राँग नंबर." तो हसतो. आतापर्यंत दर वेळी हसला आहे. आई दर शुक्रवारी रिकाम्या खिळ्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघत नाही.

कणीक फुगायला दोन तास लागतात. आणि तो मंगळवार होता. मंगळवारी आम्ही तंदूर पेटवत नाही.