मिराबाईला हात कोणी लावला नाही

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण कुरुंद्याला आमच्या घरात ही गोष्ट निघाली की आजही सगळ्यांचं बोलणं थांबतं.

घडलं ते वडिलांच्या थोरल्या काकांच्या, संतरामच्या बाबतीत. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शन व्हायची होती. आणि रात्रीबित्री नव्हे... भर दुपारी.

संतरामची बायको मिराबाई. चाळिशीची बाई, पण एका वर्षात तिचा चेहरा पालटला. सुरकुत्या गेल्या. कातडी ताणून तुकतुकीत झाली. भुवया तेवढ्या गळाल्या, पण तिकडं बघतंय कोण!

"काय लावती गं तोंडाला?" बाया विचारायच्या.

त्यात हळद शिजवायच्या दिवसांत तिनं कढईतली उकळती हळद सरळ हातानं काढली. हूं नाही की चूं नाही.

झालं! बायांनी तिला कुंकू लावलं, पाया पडल्या. मिराबाईच्या अंगात देवी आली म्हणे!

संतरामची छाती फुगली. त्याची बहीण अनुसयाबाई मात्र वहिनीच्या हातावरचे फोड बघून घाबरली.

"दादा, वसमतच्या हकिमाला दाखव हिला."

"देवीला कुठं दवा लागती व्हय?" संतराम म्हणाला.

तिथंच घात झाला.

पावसाळ्यात मिराबाईच्या पायांवर जांभळे डाग उठले. वेडेवाकडे. बघता बघता काळे पडले... आणि कातडी सुटून यायला लागली. पायांवरून मांड्यांवर, मग हातांवर. ताप उतरेना.

हकीम आला. दारातूनच बघून म्हणाला, "महारोग आहे. फार पुढं गेला. आता माझ्याकडं दवा न्हाई."

पाया पडणारं गाव दारावरून जाईना. शेतात गवताची खोपी घातली आणि मिराबाईला तिथं नेऊन ठेवलं.

संतराम रोज भाकर न्यायचा. लांब दगडावर ठेवायचा, हाक मारायचा, मागं सरायचा. जीव होता हो तिच्यावर, पण भीती त्याहून मोठी. आतून ती एकच मागायची.

"आवं, भाकर नको मला. एकदा कपाळावर हात ठेवा. काहून भेता?"

"उद्या ठेवतो, मिरे."

रोज हेच.

एक दिवस हाकेला ओ आली नाही...

आदल्या दिवशीची भाकर दगडावर तशीच. संतरामनं दारातून डोकावलं. मिराबाई पालथी पडलेली. हालचाल नव्हती.

गावातली चार माणसं आली. आत जायला एकही धजेना. शेवटी ठरलं, खोपीसकटच अग्नी द्यायचा. संतरामनं पेटती चूड लावली.

गवत पेटल्यावर आतून काही ऐकू आलं का... यावर त्या चौघांपैकी कोणी कधी तोंड उघडलं नाही.

पुढच्या फाल्गुनात सगळं घर हळदीला शेतात गेलं होतं. संतराम तापानं फणफणून एकटाच बाजेवर पडला होता. दाराला आतून कडी.

आधी अंगणातल्या कोंबड्या गप्प झाल्या.

मग गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटी थांबली...

मग पावलं. घासत येणारी. ओल्या फडक्यानं जमीन पुसावी तशी.

ती बाजेच्या उशाशी थांबली...

संतरामनं डोळे गच्च मिटले. "कोण? अनुसया?"



कपाळावर हात टेकला.

काढला नाही. दुपार कलेपर्यंत तो तसाच होता.

अनुसयाबाईनं दार ठोठावलं तेव्हा हात उठला. संतरामनं धडपडत कडी काढली. घरात दुसरं कोणी नव्हतं. तो बहिणीच्या गळ्यात पडून लेकरासारखा रडला.

"मिरा आली होती गं. तिचाच हात."

"तापात भास झाला तुला, दादा."

"भास न्हाई! मेलेल्याचा हात गार असतो. तिचा ऊन होता, अनुसया... जित्या माणसासारखा ऊन होता!"

त्यानंतर तो त्या चौघांच्या दारोदार फिरला. मरेपर्यंत फिरला.

"मिरा तवा मेली होती नं? तुमी बराबर बघितलं होतं नं?"

एकानंही त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.