दवाखान्याचा मुहूर्त

पुस्तकांच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर ग्रहांच्या कोष्टकांची एकच प्रत उरली होती, आणि तिच्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

एक हात तिचा. ती ज्योतिषीण. वडिलांच्या माघारी त्यांची खोली, त्यांची खुर्ची आणि त्यांच्याकडे येणारी माणसं सांभाळत तिला सहा वर्षं झाली होती. दुसरा हात एका उंच, ओल्या माणसाचा. बाहेर भुरभुर चालू होती आणि त्याच्या चष्म्यावर थेंब बसले होते. समोरचं नीट दिसत नसावं, कारण त्याने पुस्तकाबरोबर तिची दोन बोटंही धरली होती.

"सॉरी," तो म्हणाला. बोटं सोडली. पुस्तक सोडलं नाही.

"मला उद्या सकाळी लागणार आहे हे," ती म्हणाली. "माझं पोट आहे त्यावर."

"माझं जरा… वेगळं आहे." त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी शास्त्रज्ञ आहे."

"मग तुम्हाला कशाला हवं हे?"

"शिकायचंय. पण हे कुणाला सांगू नका. प्रयोगशाळेत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

ती हसू दाबायला गेली, पण ते डोळ्यांतून निसटलंच. दुसरी प्रत महिनाभर यायची नव्हती. शेवटी तडजोड झाली. पुस्तक तिने न्यायचं, आणि त्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या खोलीवर येऊन शिकायचं.

तो गंजाचा शास्त्रज्ञ होता. पुलांच्या लोखंडाला गंज का चढतो, कसा चढतो, हे शोधण्यात त्याची बारा वर्षं गेली होती.

"म्हणजे दिवसभर गंज बघत बसता?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"चढताना बघतो. फार हळू चढतो तो. वाट बघायची सवय होते."

विद्यार्थी म्हणून मात्र तो डोकेदुखी होता. तिने एक वाक्य बोलावं आणि त्याने तीन प्रश्न विचारावेत. हे कुणी मोजलं, किती जणांवर मोजलं, नाही जुळलं त्यांचं काय झालं. आणि सगळं वहीत उतरवून घ्यायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"माझ्यावर लेखबिख लिहिताय का? ज्योतिषिणीचं पितळ उघडं वगैरे?"

"चंद्र सव्वादोन दिवसांनी रास बदलतो, एवढंच लिहिलंय." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. खरंच तेवढंच होतं. खाली एक ओळ खोडलेली होती. ती वाचायच्या आत त्याने पान उलटलं. त्याचे कान लाल झाले होते.

एका शुक्रवारी एक बाई आल्या. नवरा चार महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हता. शास्त्रज्ञ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. बाई डोळे पुसत, पण थोड्या हलक्या होऊन गेल्या, तेव्हा म्हणाला, "तुम्ही पत्रिका दोन मिनिटं बघितलीत, आणि त्यांच्याकडे अर्धा तास."

"मग?"

"मग काही नाही. नोंद केली."

त्या दिवसापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती टेबल दोनदा पुसू लागली. जिन्यावर त्याची पावलं ओळखता यायला लागली, एक पायरी गाळून चढायची त्याची सवयही. ती स्वतःलाच म्हणायची, अगं, विद्यार्थी आहे तो. पण स्वतःलाच सांगितलेलं कुणी कधी ऐकतं का?

दोन महिन्यांनी त्याने खरं कारण सांगितलं. सांगताना पेनाचं टोपण काढत आणि लावत होता.

त्याच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षांपूर्वी कुणा ज्योतिषाने तिला सांगितलं होतं, शनी पालटेपर्यंत अंगाला लोखंड लावू नका. तेव्हापासून ती ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. आता डोळ्यातला दाब वाढायला लागला होता. आणखी थांबलात तर नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं होतं.

"विज्ञान सांगून दमलो," तो म्हणाला. "म्हटलं, तिच्या भाषेत सांगू. म्हणून शिकायला आलो. पण माझ्याने एवढ्यात जमायचं नाही. तुम्ही सांगा तिला… गुरुवार चांगला आहे म्हणून. तुमचं ऐकेल."

तिचा चेहरा उतरला. "दवाखान्याचा मुहूर्त मी काढत नाही."

"वाईट निघेल म्हणून? मग खोटं सांगा."

"चांगलाही नाही, वाईटही नाही. बघतच नाही मी. आणि या खुर्चीत बसून खोटं तर मुळीच नाही."

"पण हे सगळंच…" त्याने थांबायला हवं होतं. थांबला नाही. "खोट्यातलं खोटं म्हणजे शेवटी खरंच की."

तिने पुस्तक मिटलं. "दोन महिने इथे बसून तुम्ही हेच शिकलात तर," ती हळूच म्हणाली. तो छत्री विसरून, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरला.

मंगळवार आला. तो आला नाही. शुक्रवारीही नाही. रागाने ती दोन दिवस धुसफुसली, मग राग विरला आणि उरली ती नजर गमावत चाललेली एक बाई, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं. शनिवारी सकाळी, तो प्रयोगशाळेत असणार त्या वेळेला, नोंदवहीतला पत्ता बघत ती त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या आईने उघडलं. ठेंगणी, ताठ बाई. बघत होती ती तिच्या खांद्याच्या जरा बाजूला.

"काकू, मी—"

"मंगळवार-शुक्रवारवाली ना? ये. आवाजावरून कळलं. माझा मुलगा तुझी नक्कल करतो."

काकूंनी तिच्यासाठी पाणी ओतलं. निम्मं पेल्यात, निम्मं ओट्यावर. दोघींनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही.

"काल मला म्हणाला, गुरुवार उत्तम आहे, मी स्वतः गणित केलंय. आलेखसुद्धा काढला होता. मला दिसत नाही म्हणून माझं बोट धरून रेघेवरून फिरवलं." काकू हसल्या. "म्हटलं, शनी कुठे धरलास रे? तर रद्दीतून कुठल्या तरी जुन्या सालाचं पुस्तक आणलेलं. चाळीस वर्षं ज्योतिषी ऐकतेय मी. मला फसवायला त्याला अजून दहा वर्षं लागतील."

मग तिने काकूंना ते सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी आधी पत्रिका उघडली होती. परवा सकाळी चांगली वेळ आहे, तेव्हा जाऊ दवाखान्यात, म्हणाले होते. ती परवाची सकाळ त्यांना दिसली नाही. तिनेही त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. गाडी बोलावली नव्हती.

"म्हणून मी बघत नाही, काकू. आकाशात तुमच्या डोळ्यांबद्दल काय लिहिलंय मला माहीत नाही. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते माहीत आहे."

काकू पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"शनी कुठे येतो गं सुरी घेऊन," त्या शेवटी म्हणाल्या. "भीती वाटते, एवढंच. पण भीती वाटते म्हटलं की लोक धीर द्यायला लागतात. शनी म्हटलं की गप्प बसतात. मला गप्प बसलेले बरे वाटायचे."

तीही गप्प बसली. काकूंनी चाचपत तिचा हात शोधला.

"तू येशील? त्या टेबलापर्यंत तरी. माझ्या मुलाचा हात थरथरतो."

ऑपरेशनच्या दिवशी ती गेली. दार बंद होईपर्यंत काकूंचा हात तिच्या हातात होता. बाहेरच्या बाकावर तो बसला होता, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"आईने सांगितलं," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांचं. त्या दिवशी मी जे बोललो…"

"नोंद केली होती मी त्याची."

"खोडता येईल?"

"बघू."

त्याचा हात गुडघ्यावर खरंच थरथरत होता. तिने तो पाहिला, आणि मग काही विचार न करता स्वतःचा हात त्यावर ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक झालं म्हणेपर्यंत दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होती.

पट्टी निघाली त्या दिवशी काकूंनी आधी मुलाकडे पाहिलं. "केस कापायला कधी जाणार आहेस?" मग तिच्याकडे वळल्या आणि निवांत, पोटभर बघून घेतलं. "तू सांगितलं होतंस त्यापेक्षा बरी आहे रे ही."

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

पुढच्या मंगळवारी तो वेळेवर आला, केस कापून. स्टूल ओढून वही उघडली. पेन हातात धरून बसून राहिला, एक अक्षर लिहिलं नाही.

"काकूंना दिसायला लागलं," ती म्हणाली. "आता कशाला शिकताय?"

"अभ्यास अपुरा राहिलाय."

"ज्योतिष पटायला लागलं की काय?"

"नाही. अजिबात नाही." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण मंगळवारी चार वाजले की मला गंज दिसेनासा होतो. समोर असतो, तरी दिसत नाही. असं नऊ आठवडे झालंय. एवढ्या वेळा घडलं की आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही."

तिने घाईने कोष्टकं पुढे ओढली. "मग बघू या का? तुमची पत्रिका माझ्या पत्रिकेशेजारी मांडून… आपली दोघांची?"

"नको."

"का? तुमचा विश्वास नाही ना?"

"नाहीच. पण वाईट निघाली तर?" त्याने पुस्तकावर हात ठेवला, आणि तिच्या बोटांवरही. या वेळी चष्मा कोरडा होता. "दुसऱ्या कशातही मी धोका पत्करेन. यात नाही. नको बघूस."

स्वतःच्याच शब्दाने तो दचकला. कानांपर्यंत लाल झाला. "म्हणजे… नका बघू. चुकून…"

"पहिलं बरोबर होतं," ती म्हणाली.