सत्ताविसावी गोष्ट

त्या दिवशी इजिप्तमधल्या दुम्यात शहराचं आभाळ जुन्या पितळेसारखं पिवळं झालं होतं. खमसीनचा, वाळवंटाकडचा धुळीचा वारा सुटला होता. हा वारा दार लावलं तरी उंबऱ्याखालून आत येतो, दातांत कचकचतो, आणि भर दुपारी दिवा लावायला लावतो. गल्लीतली सुतारांची दुकानं बंद होती. सरसाचा आणि पॉलिशचा वास तेवढा धुळीत लटकून राहिला होता. त्या धुळीतून मितवल्ली, ज्याला सगळे मानाने उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणत, हळूहळू चालला होता. पोटाशी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता, तान्हं मूल धरावं तसा.

मितवल्लीने जन्मभर लाकडावर नक्षी कोरली. अक्षर एक ओळखता येत नव्हतं. घरातलं वाचणं-लिहिणं सगळं इन्शिराहचं, त्याच्या बायकोचं. शेवटच्या आजारपणात तिने एक काम केलं. मुलीचा जुना कॉम्प्युटर पुढ्यात घेऊन ती रोज दुपारी, जुहरच्या नमाजेनंतर, एक गोष्ट सांगायची आणि आपला आवाज त्यात साठवून ठेवायची. सत्तावीस गोष्टी झाल्या, आणि ती गेली.

त्याला दोन वर्षं झाली. सव्वीस गोष्टी मितवल्लीने किती वेळा ऐकल्या याची गणती नाही. सत्ताविसावी मात्र त्याने कधी लावलीच नव्हती. ती ऐकली की इन्शिराहकडे सांगण्यासारखं नवं काही उरणार नाही, असं त्याला वाटे. म्हणून ती राखून ठेवली होती.

आणि आता कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता.

दुरुस्तीवाल्या वग्दीने चादर सोडली, पाठ उघडली आणि कपाळावर हात मारला.

"उस्ता, याच्या आत पाणी कसं गेलं?"

"वारा येणार म्हणाले... धूळ जाऊ नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. खिडक्यांना लावतो तसं."

"अहो, हा कॉम्प्युटर आहे, पाण्याचा माठ नाही! गार राहील म्हणून वर पुदिन्याची काडी ठेवली नाहीत हे नशीब."

मितवल्ली हसला नाही. "तिचा आवाज आहे रे त्यात," एवढंच म्हणाला.

वग्दीचंही हसू गेलं. त्याने आतली डिस्क काढली, पुसली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली. "यंत्र मेलंय, पण आवाज या डब्यात असतो. हा जगला तर सगळं जगलं. तुम्ही घरी जा, मी सांगावा धाडतो."

"बसतो की. मला काय घाई आहे?"

आणि तो बसला. एकदोन तास नाही, तीन दिवस. सकाळी यायचा, भिंतीला पाठ टेकून बसायचा, अंधार पडला की घरी जायचा. लाकूड वाळायला महिने लागतात; वाट बघणं त्याच्या हाडातच होतं. जन्म लाकडाच्या भुशात गेला, पण धुळीने तो कधी खोकत नसे.

पहिल्या दिवशी डिस्क नुसती टिकटिकत राहिली. बाहेर वारा दारावर वाळू फेकत होता. जुहरची नमाज झाली आणि टिकटिक थांबली. मग आतून एक मऊ, सलग घुंघुं ऐकू येऊ लागली. छोटा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"चालली!" वग्दी पुढे सरसावला. सव्वीस गोष्टी एकामागून एक उतरल्या. सत्ताविसावी उतरेना.

"काय झालं?"

"काही नाही... म्हणतंय, ही फाईल कुणीतरी उघडलीय. एकजण वापरत असला की दुसऱ्याला नक्कल घेता येत नाही."

"कोण वापरतंय?"

वग्दीने डिस्ककडे पाहिलं. ती टेबलावर उघडी पडली होती, एका तारेला बांधलेली. "कुणी नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कोण असणार इथे..."

अर्ध्या तासाने हिरवा दिवा विझला. पुन्हा टिकटिक.

दुसऱ्या दिवशी तेच. तीच वेळ, तीच घुंघुं, तोच अर्धा तास. त्या दिवशी वग्दीने सगळं बंद केलं, तारसुद्धा उपटली. तरी डिस्कवर बोट ठेवलं तर आत काहीतरी फिरत होतं... सावकाश, कुणी मन लावून ऐकत बसल्यासारखं. वग्दीने बोट काढून सदऱ्याला पुसलं. दुकानात बडीशेपेच्या चहाचा वास आला. चहा कुणी केला नव्हता. इन्शिराह चहात बडीशेप घालायची.

तिसऱ्या दिवशी दिवा विझायच्या आत सत्ताविसावी गोष्ट आपसूक उतरली. वग्दीने सगळ्या गोष्टी एका लहान वाजवायच्या डबीत भरून दिल्या. "हे बटण दाबलं की पुढची. आणि उस्ता, याला ओलं फडकं नको हं." डिस्क मात्र त्याने स्वतः नेऊन म्हाताऱ्याच्या पिशवीत टाकली. ती एक रात्रही दुकानात नको, म्हणाला.

संध्याकाळी मितवल्ली घरी आला. खिडकीवरचं फडकं ओलं होतं. तीनही दिवस ते ओलंच सापडत होतं. या वाऱ्यात कापड घटकाभरात कडकडीत वाळतं. शेजारची उम्म शुक्री भिजवून जात असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

तो दिव्याजवळ बसला. खूप वेळ डबी हातात फिरवली. हरवता हरवता मिळालेली वस्तू राखून काय करायची? त्याने बटण दाबलं.

इन्शिराहचा आवाज आला. नदीकाठी एक सुतार होता; त्याने असं दार कोरलं की ते लावायला कुणाची भिंत पुरेना. मग त्याने ते काठावर नुसतंच उभं केलं. त्यातून जो कुणी जाई, तो आपल्याच घरात निघे... मितवल्लीचे डोळे मिटले. छाती हलकी झाली. दोन वर्षांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

गोष्ट संपली. त्यांच्याकडे रीत अशी की सांगणाऱ्याने शेवटी विचारायचं, आणि ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचंच. उत्तराशिवाय सांगणारा उठत नाही.

"गोड होती की आंबट?" इन्शिराहने विचारलं. उत्तरापुरती जागा ती नेहमीच सोडायची आणि मग म्हणायची, आता चहा ठेव.

"गोड," मितवल्ली म्हणाला.

डबीतून हसू आलं. "हो रे बाबा, ऐकलं. तीन दिवस तेच तर सांगतोयस. आता चहा ठेव."

त्याने डबी उलटीपालटी करून पाहिली. पण तो उठला, आणि त्याने चहा ठेवला. बडीशेप घातली. न ठरवता दोन पेले मांडले.

तेवढ्यात दार वाजलं. उम्म शुक्री ताटलीत गरम भाकरी आणि चीज घेऊन उभी होती.

"फडकं भिजवत होतीस, देव तुझं भलं करो," तो म्हणाला.

"मी? मी कशाला भिजवू? किल्ली तुमच्याच खिशात. उलट मीच सांगायला आले, बरं केलंत हो, या वाऱ्यात तीन दिवस दुपारचे घरीच बसलात. भिंतीला कान लावून मीही ऐकली ती दाराची गोष्ट, तीनदा. इन्शिराहचा आवाज अगदी होता तसा राहिलाय, माझे डोळेच भरून आले. आणि संपली की दरवेळी तुमचं ते 'गोड'... तेवढं खोकल्याचं औषध मात्र घ्या, उस्ता. 'गोड' म्हणताना फार खोकत होतात."