सीताफळं पिकेपर्यंत

सत्यम पहिल्यांदा आला तो चुकून. ट्रॉलीचा जोड वेल्डिंग करायला शेजारच्या शेडमध्ये जायचं होतं, शिरला आमच्याकडं. मी ग्रीसनं माखलेल्या हातांनी यंत्र उघडून बसले होते.

"हे काय करतं, मॅडम?"

"सीताफळाचा गर काढतं... म्हणजे, काढायला हवं."

तो हसला. करमाडला त्याची सीताफळाचीच बाग होती.

वाळूजच्या या शेडमध्ये बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे सुटे भाग बनवले. हे यंत्र तेवढं त्यांचं स्वतःचं. ते अर्धवट ठेवून जूनमध्ये बाबा गेले. काकांनी सांगितलं होतं, हंगाम संपेपर्यंत यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर शेड भाड्यानं देऊ. अडचण एकच होती. आतली पोलादी पाती बिया फोडत, आणि बी फुटली की गर कडू.

सत्यम चाचणीसाठी फळं आणू लागला. पण क्रेट उघडावं तर निम्मी दगडासारखी.

"उद्या पिकतील," तो म्हणे. "उद्या येतो की."

शेडमध्ये प्रेस मशीनवर काम करणाऱ्या आशाबाई एकदा मान वर न करता बोलल्या, "बागवाल्याला कच्चं-पिकलं कळंना व्हय?"

त्याचे कान लाल झाले. मी पाना शोधायला वाकले... पाना माझ्या हातातच होता.

परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता त्या दुपारी मी मऊ सिलिकॉनची पाती कापून आणली. पण बाबांची पाती काढायला हात उचलेना.

"बाबा म्हणायचे, पोलाद दगा देत नाही."

सत्यमनं भिंतीकडं बोट दाखवलं. "ते काय टांगलंय?"

"बाबांनी काढून टाकलेली पाती."

"एवढी?" तो जवळ जाऊन बघत राहिला. प्रत्येकाचा बाक वेगळा. "मग बदलायला ते लई कचरत नसतील..."

मी नट सैल केला. जुनी पाती मीच त्या रांगेत टांगली.

यंत्र सुरू झालं. एका तोंडातून पांढरा गर, दुसऱ्यातून बिया – काळ्या, चकचकीत, अख्ख्या. आशाबाईंनी बोटभर गर चाखला आणि नुसती मान डोलावली. मी हसले. जूनपासून विसरलेलं हसू, जरा मोठ्यानंच आलं.

सत्यमचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे उद्यापासून... माझं काम नाय."

मी कोपऱ्यातलं शेवटचं क्रेट उघडलं. एकूण एक फळ हिरवंगार, टणक.

"ही तर आठवडाभर पिकायची नाहीत," मी म्हटलं.

"चुकून आली," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"पिकतात की नाही, रोज येऊन बघावं लागेल. आणि हंगाम संपला तरी... येत जा."

"मग काय आणू, मॅडम?"

"काही नको. आणि मॅडम नाही – तनुजा."