खडकजाईपुढचं मुंडासं

पूर्वेच्या डोंगरांवर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, खाडीवरचं धुकं तटाच्या पायथ्याशी निजल्यासारखं पडलं होतं, आणि चार महिने इंग्रजांच्या वेढ्यात अर्धपोटी झुंजणाऱ्या सागरकड्याच्या दर्याबुरुजावर नाग्या तांडेलाची बायको पदमी, तान्ह्याला पदराखाली घेऊन, समुद्राकडे डोळे लावून उभी होती.

काल दुपारी फरासिसांचं, म्हणजे फ्रेंचांचं, पांढरं निशाण लावलेलं गलबत दिसलं आणि सगळा गड मोहरून उठला. कबूल केलेली कुमक आली होती: दारूची पिंपं, शंभर गोलंदाज. गडावर दारू उरली होती ती दोन बारांपुरती. खडकांमधली वाट एकट्या नाग्याला ठाऊक, म्हणून तो होडी घेऊन सामोरा गेला.

"पोराच्या टोपऱ्याला फरासिसाची मखमल आणतो," जाताना म्हणाला.

"मखमल ऱ्हाऊ दे. तू ये म्हंजे झालं."

आता उजाडलं, धुकं विरलं, आणि गलबत खाडीत शिरत होतं. सुकाणूवर नाग्याच होता. पदमीशेजारी बुरुजावर उभ्या किल्लेदार हैबतरावांनी दर्यादरवाजा उघडण्याचा हुकूम दिला, चौघडा झडू लागला. खाडीच्या तोंडाशी उघड्या कातळावर खडकजाईचं ठाणं. दर्यावरून परतणारा प्रत्येक कोळी तिच्यापुढे मुंडासं उतरवी. सुखरूप घरी आणलंस, आई, एवढं सांगायला.

गलबत ठाण्यासमोरून सरकलं. नाग्याच्या डोईचं मुंडासं हललं नाही.

तान्ह्याच्या पाठीवर थोपटणारा पदमीचा हात थांबला. ती गप्प राहिली असती, तर कदाचित तिचा धनी जगला असता.

"सरकार, दरवाजा लावा. गलबत इंग्रजाचं हाय."

"निशाण तर फरासिसांचं आहे. विसरला असेल, पोरी."

"तापानं फणफणला व्हता, तवाबी इसरला न्हाई. आन् बघा, मधली वाट सोडून बुरुजाखाली आणतोय. तुमच्या तोफेम्होरं."

हैबतरावांनी निरखून पाहिलं. नाग्याच्या पाठीला एका गोऱ्याचं पिस्तूल टेकलेलं होतं.

"पोरी, बत्ती दिली तर…"

"ठावं हाय. पहिलाच गोळा नीट लावा, सरकार. त्याला दुसऱ्याची वाट बघाया लावू नका."

हैबतरावांनी स्वतःच्या हाताने बत्ती दिली. ती डोळे न मिटता पाहत राहिली. तान्हं तेवढं दचकून रडलं.

गड त्या दिवशी वाचला. पण फरासीस आलेच नाहीत. चैत्रात एका व्यापाऱ्याने बातमी आणली: त्यांचा इंग्रजांशी कधीच तह झाला होता, कुमकेचं गलबत बंदरातून हललंही नव्हतं. गड खाली झाला.

माणसं होड्यांतून निघाली. खडकजाईसमोर पदमीने लेकाला उंच धरलं आणि त्याचं साधं, बिनमखमलीचं टोपरं काढलं.

म्हातारा नावाडी पुटपुटला, "येडी का काय? परतताना काढत्यात. आपण तर चाललोय."

"हे त्याच्या बापाचं ऱ्हायलेलं," पदमी म्हणाली.

नावाड्याने वल्हं थांबवलं, आणि आपलंही मुंडासं उतरवलं.