पाय नसलेली खुर्ची

मी भर पावसात एक खुर्ची डोक्यावर घेऊन सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते, आणि त्या खुर्चीला पाय नव्हते.

"धरू का एका बाजूनं?" मागून कुणीतरी विचारलं.

"जड नाहीये. पायच नाहीत तिला."

"ते दिसलं. पाय असते तर तिची ती चढली असती, मी विचारलंच नसतं."

मी वळून पाहिलं. उंच मुलगा, चष्म्यावर थेंब, आणि चेहरा असा गंभीर, की हे वाक्य त्यानं वरिष्ठांची परवानगी घेऊन उच्चारलं असावं. मला हसू आलं... आणि खुर्ची सटकून त्याच्या पायावर पडली.

थोड्या वेळानं कळलं, की लंगडत आत गेलेला तो इसम म्हणजेच नाट्यपरीक्षक. माझ्या नाटकाला परवानगी द्यायची की नाही हे ज्याच्या हातात, त्याचा पाय मी ठेचला होता. सुरुवात म्हणून ठीकच होती.

खुर्ची नाटकातलीच, परीक्षणाला दाखवायला आणलेली. नाटक माझं म्हणजे रूपांतर माझं. मूळ कादंबरी एका ब्रिटिश लेखकाची. सत्ता माणसाला वाकवते कशी, या एकाच प्रश्नामागे तो जन्मभर हात धुऊन लागला होता. त्याच्या कादंबरीत एक सर्वाधीश असतो. आपली खुर्ची सगळ्यांत उंच हवी, असं त्याच्या मनात येतं. ती उंच करण्यापेक्षा इतरांच्या खुर्च्यांचे पाय कापणं स्वस्त पडतं, म्हणून दरवर्षी थोडे थोडे कापले जातात. शेवटी अख्खा देश जमिनीवर बसतो आणि 'पाठीला आराम पडला' म्हणून आभार मानतो. आभार न मानणारी एकच... पाय कापणारी सुतारीण. सर्वाधीश तिला विचारतो, "तुलाही हेच हवं होतं ना?" ती म्हणते, "नाही." पडदा.

याच लेखकाचा एक निबंधही मी घोटून प्यायले होते. त्यात तो म्हणतो, हुकूम पाळून घेणं कुठल्याही गुंडाला जमतं; खरी सत्ता त्यानंतर मायेनं पाठीवर हात ठेवून 'हो' वदवून घेते. मी आत्याकडे वाढलेली असल्यामुळे हे मला निबंधाआधीच ठाऊक होतं. आमच्या नाटकमंडळीत सुतारीण मी, आणि सर्वाधीशाचं काम आत्याच करायची. तिला तालमीची गरज पडली नाही.

परीक्षण कार्यालयाचे दोन नियम होते. पहिला: संहिता मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि राज्यकर्त्याची वाक्यं परीक्षकानं स्वतः वाचायची, कारण ती सरकारी तोंडात शोभतात का ते तपासायचं असतं. दुसरा: कापलेल्या वाक्यावर खळीनं पांढरी पट्टी चिकटवायची आणि रंगमंचावर नटानं त्या वाक्याइतका वेळ गप्प राहायचं. करमणूक कर नाटकाच्या लांबीवर बसायचा. वाक्य गेलं तर चालेल, कर जाता कामा नये.

"बसा," परीक्षक म्हणाला.

मी बसले आणि टेबलाआड गेले. अर्जदाराची खुर्ची इतकी बुटकी होती, की मला त्याच्या फक्त भुवया दिसत होत्या.

"तुमच्याकडेही सुतारीण येऊन गेली वाटतं?"

तो उठला, कपाटातून नियमावलीचे जाडजूड खंड काढले आणि वाकून माझ्या खुर्चीच्या एकेका पायाखाली सरकवले. मी वर आले. आता त्याचे डोळे दिसले.

"या नियमांचा कुणालातरी उपयोग व्हायला हवा ना," तो म्हणाला.

मग आम्ही रोज थोडं थोडं वाचत गेलो. अंगणात झोका चालावा तसं... एक वाक्य त्याचं, एक माझं. तो सर्वाधीश इतका छान वाचायचा की मला आत्याची काळजी वाटू लागली.

"प्रजेनं माझ्याकडे पाहू नये," तो वाचायचा.

"मी कुठं पाहतेय?" मी म्हणायचे.

"हे संहितेत नाहीये."

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात, हे तरी कुठाय संहितेत?"

मग तो खळीच्या बाटलीचं झाकण उगाच उघडून बंद करायचा.

वाचन खरं तर केव्हाच संपलं असतं. पण कधी त्याचा चष्मा पुसायचा राहायचा, कधी माझा घसा बसायचा, आणि घसा बसला की तो चहा मागवायचा... शेवटचं पान यावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. ते आलं तेव्हा मोठे साहेब दारात उभे राहून ऐकत होते.

"ते 'नाही' काढा," मोठे साहेब म्हणाले. "बाकी तुमचं तुम्ही बघा. पण सरकारसमोर 'नाही' म्हणायचं नाही." आणि गेले. हे सांगताना स्वतःच 'नाही' म्हणून गेले, याचं त्यांना काही वाटलं नाही.

परीक्षकानं पट्टी कापली. खळ लावली. हात तसाच अधांतरी राहिला.

"बाकी सगळं कापा," मी म्हटलं. "ते राहील."

"एका शब्दासाठी अख्खं नाटक अडवतील ते."

"अडवू देत. मी उद्या परत येईन. परवा येईन. खुर्ची घेऊन येईन."

"पाय बरा झालाय माझा नुकताच."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," तो हळूच म्हणाला. त्यानं पट्टीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि माझ्याकडे... चष्मा काढून. "साहेब संहिता वाचत नाहीत. पानं चाळून किती पांढरं झालंय तेवढं बघतात. 'बाकी सगळं कापा' म्हणालात, ते खरंच?"

"एक शब्द ठेवा. बाकी तुम्हाला आंदण."

"माझी नोकरी जाईल."

"मग नका करू," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. "तुम्हाला वाकवून मिळालेली परवानगी मला नको. तसं केलं तर मी सर्वाधीश."

त्यानं पहिलं पान उघडलं आणि पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली. 'बसा' गेलं. 'पाऊस थांबला का' गेलं. सर्वाधीशाचं तर तोंडच बंद झालं. साहेबांनी शुभ्र पानं डोळे भरून पाहिली, म्हणाले, "याला म्हणतात परीक्षण," आणि सही ठोकली.

घरी आत्यानं संहिता उलटीसुलटी करून पाहिली.

"ठमे, माझी वाक्यं कुठायत?"

"कापली. तेवढा वेळ गप्प राहायचं."

"मी? गप्प?" आत्या खाली बसली. "जुलमी आहे गं तुझं सरकार."

प्रयोगाला परीक्षक पहिल्या रांगेत होता, कापलेल्या वाक्यांची मूळ प्रत मांडीवर. शांतता पुरेशी लांब आहे का, ते बघणं त्याचं कर्तव्य होतं. पडदा उघडला. आत्या उंच खुर्चीतून खाली बघत गप्प बसली. मी करवत घेऊन गप्प उभी राहिले. लोक चुळबुळले. कुणी खोकलं. मग मागून एक म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "आता म्हणेल, हे तुमच्याच भल्यासाठी." हशा पिकला. पुढच्या शांततेत दुसरं कुणी बोललं, मग तिसरं. कापलेली वाक्यं लोकांना पाठ होती. नाटक कधी न वाचता.

शेवटी आत्या वाकली. माझ्या पाठीवर मायेनं हात ठेवला आणि एका प्रश्नाइतकी गप्प राहिली. आता सभागृहही गप्प होतं. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. त्यानं प्रत मिटून ठेवली होती.

"नाही," मी म्हटलं.

टाळी आली नाही. खुर्च्या करकरल्या. एकेक करत सगळे उठून उभे राहिले... आणि सरकारी माणूस त्यांच्यात पहिला.

दुसऱ्या दिवशी नाटकावर बंदी आली आणि त्याची बदली सरकारी गोदामात झाली, मोडक्या खुर्च्यांची देखभाल करायला. तो थेट तालमीच्या खोलीवर आला, भिजलेला, आणि आमच्या पाय नसलेल्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीला लागले.

"पस्तावलात तर नाही ना?" मी विचारलं.

"गोदाम बरं आहे. खुर्च्यांना वरिष्ठ नसतात. तुमचं काय?"

"नवा अर्ज लिहितेय. त्याच नाटकाचा."

"नवा परीक्षक असेल."

"पाडू त्याच्या पायावर खुर्ची?"

"नको," तो चटकन म्हणाला. "म्हणजे... तो मान माझाच असू दे."

आत्या आतून ओरडली, "सरकार, चहा घेणार की पट्टी लावू?" पण त्याला ऐकू गेलं नसावं. तो माझ्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता. ओठ हलले, थांबले. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

इतक्या तालमींनंतर मला शांततेच्या लांबीवरून वाक्य ओळखता येतं. हे लांब नव्हतं. शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

मी खाली, त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आता आमचे डोळे एका उंचीवर आले. पाठीवर कुणाचा हात नव्हता. कुणी वदवून घेत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "आणि आता तू वाच. पहिला प्रवेश, सर्वाधीशाचं वाक्य."